बंबवाल्यांच्या कोटात तापमापक: गरज की हौस?

दांडियाबाजारकर
परवा जेवताना निवृत्त फायरमन मामांशी वाजलं. आगीत शिरणाऱ्यांच्या कोटाला आतून, कातडीलगत, सेन्सर बसवता येतात. ठरावीक आकडा ओलांडला की मनगटावर थरथर. मला हे हवंच वाटतं. कातडी ४४ अंशांच्या आसपास दुखायला लागते आणि ५५ ला फोड येतात, म्हणजे हातात ११ अंश. तीन थरांचा कोट धग इतकी अडवतो की गड्याला आपण किती तापलोय ते कळतच नाही. मग गुडघा टेकला, किंवा बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या श्वासाच्या हवेच्या नळकांड्याचा, पट्टा खांद्यावर रुतला, की थरांमधली हवा दाबली जाते आणि कोटात साठलेली उष्णता थेट अंगाला. मामांच्या खांद्यावर पट्ट्याच्या रुंदीचा डाग आहे. कोट कुठेही जळला नव्हता!

मांडवीचा म्हातारा
मामांना सुका कोट मिळाला होता का, ते विचारा. बडोद्यात वैशाखात बाहेरच ४२ अंश, बंबातून उतरेपर्यंत अस्तर भिजतं. त्या घामाची वाफ होऊन भाजतं. माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी एकाच कोटावर दोन पाळ्या निघतात, पहिल्याचा घाम वाळायच्या आत दुसरा तो चढवतो. आधी दुसरी जोडी घ्या, थरथर मग.

कारेलीबागवाली
जुने लोक कान उघडे ठेवायचे. कान चटकला की मागे फिरायचं. आता हूडने कान झाकले, मग कानाचं काम कोणी करायचं?

मांडवीचा म्हातारा
कान चार्ज करावा लागत नाही, ताई. शिवाय अमेरिकेत ड्यूटीवरच्या फायरमनच्या मृत्यूंमध्ये हार्ट अटॅकचा वाटा फार मोठा आहे. कातडी मोजून त्याचं काय करणार?

दांडियाबाजारकर
मग छातीचे ठोकेही मोजा, सोय आहे. बीए सेटवर, माणूस अर्धा मिनिट हलला नाही तर किंचाळणारा अलार्म असतोच की, त्याला हौस म्हणत नाही कोणी. सुक्या जोडीचं मात्र मान्य, ती आधी.
मामांचा आक्षेप वेगळाच होता. म्हणाले, "आत कोणी खोकताना ऐकू आलं तर मनगट थरथरलं म्हणून मी फिरणार नाही. इशारा बाहेर साहेबाला दे, तो मला ओढून काढेल."

मांडवीचा म्हातारा
म्हणजे बाहेर पडद्यावर नजर ठेवायला एक माणूस जास्तीचा. भरती कधी आहे?