‘स्टाफ गॉड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: पेरू-बोलिव्हियाच्या प्राचीन कलेतल्या ‘स्टाफ गॉड’ला ‘दंडपाणी’ म्हटले तर चालेल का?

– नको. दंडपाणी म्हटले की यम नाहीतर कार्तिकेय आठवतो. ‘दंडधारी’ बरा. मात्र हे त्या देवाचे नाव नव्हे, एका ठरावीक ठेवणीला अभ्यासकांनी दिलेले लेबल आहे. ठेवण अशी: तोंड थेट समोर, हात दोन्हीकडे पसरलेले, प्रत्येक हातात एक उभा दंड, डोक्यावर भलेमोठे शिरोभूषण. चावीन या पेरूतल्या प्राचीन संस्कृतीच्या शिल्पात सुळे आणि नख्याही. त्याच संस्कृतीच्या चावीन दे हुआंतार या स्थळावरचा सुमारे साडेचार मीटरचा ‘लान्झोन’ हा कोरीव शिलास्तंभ ‘स्टाफ गॉड’ या नावाखाली छापलेला दिसतो, ते चूक. त्याचा एक हात वर, एक खाली, दंड नाहीच.

– ‘काठीदेव’ कसा वाटतो?

– काठी म्हटले की जोतिबाची सासनकाठी. तिथे काठीलाच मान. इथे ती हातातली वस्तू आहे.

– आणि ती नेहमी काठीच असते असेही नाही. बोलिव्हियातल्या तिवानाकू या प्राचीन नगराचे सूर्यद्वार अँडेसाइटच्या (ज्वालामुखीजन्य खडकाच्या) एकाच दगडातले, सुमारे ३ मीटर उंच. त्यावरच्या मधल्या आकृतीच्या एका हातात भालाफेकीचे साधन आणि दुसऱ्या हातात भाले आहेत, असे बरेच जण मानतात. दोन्ही बाजूंना पंख असलेले ४८ सेवक आहेत. तेही दंड धरतात, पण एकेकच, आणि मधल्या आकृतीकडे वळलेले. त्यांना ‘दंडधारी सेवक’ म्हणा. नुसते ‘दंडधारी’ लिहिले की घोळ होतो. चावीनच्या रायमोंदी शिळेवर (उंची सुमारे २ मीटर) शिरोभूषणच आकृतीपेक्षा मोठे आहे. शिळेचे चित्र उलटे धरले की त्यात एकाखाली एक चेहरे दिसू लागतात. म्हणून चित्र छापताना वरची बाजू तपासून घ्यावी.

– सरळ ‘विराकोचा’ लिहू का?

– ते नाव १६व्या शतकातल्या स्पॅनिश लेखनातून, इंकांच्या सृष्टिकर्त्या देवाच्या संदर्भात आलेले. चावीन इसवी सनापूर्वीचे, आणि तिवानाकूचा ऱ्हास इ.स. १०००च्या सुमाराचा. ‘काहींच्या मते विराकोचाचे पूर्वरूप’ एवढेच लिहावे. जाता जाता: पेरूतलीच प्राचीन ‘वारी’ संस्कृती ‘हुआरी’ अशी लिहा, नाहीतर वाचक पंढरपूरला पोचेल.

– ‘देव’बद्दलही बोलायला हवे. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कार्वाच्या रंगवलेल्या सुती कापडांवर हीच ठेवण स्त्रीरूपात आहे, अंगाला कापसाची बोंडे जोडलेली. त्यामुळे सामान्य संज्ञा ‘दंडधारी देवता’ ठेवावी. क्रियापद अर्थातच ‘उभी आहे’.