चंद्रावर तोफेतून जायचं की कॅव्होराइट लावून?

खगोलखुळा
अंतराळप्रवासाच्या गोष्टीत लेखकाला हिशोब यायलाच हवा, या मताचा मी. सध्या भाच्याला ज्यूल व्हर्नची चंद्रकथा वाचून दाखवतोय. पुस्तक १८६५चं, पण तोफेची लांबी ९०० फूट आणि गोळ्याचा वेग सेकंदाला साधारण ११ किलोमीटर, असं सगळं मांडलेलं. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला तेवढाच वेग लागतो! उलट एच. जी. वेल्स त्याच्या चंद्रकथेत (१९०१) गुरुत्वाकर्षण अडवणारं 'कॅव्होराइट' काढतो. त्याच्या झडपा उघडा-मिटा, पोचलात चंद्रावर. व्हर्न म्हातारपणी यावर वैतागला होता. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा मनाचं रचतो. कुठाय तो धातू, दाखवा म्हणावं, अशा अर्थाचं बोलला होता. मला त्याचं पटतं.

आळशी वाचक
हिशोब काढलाच आहे तर पुरता करा राव. ९०० फुटांत शून्यापासून ११ किलोमीटर म्हणजे नळीत सेकंदाचा विसावा भाग, आणि त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २२,००० पट. सत्तर किलोच्या माणसाचं वजन भरेल दीड हजार टन. व्हर्नने खाली पाण्याची गादी दिलीय म्हणे. त्या गादीवर गोळ्यात बसलेल्या तिघांची भाकरी थापली गेली असती. हे तुमचं भौतिकशास्त्र?

खगोलखुळा
मान्य. पण चूक तुम्हाला दोन ओळींत काढता आली, कारण त्याने आकडे दिले होते. रॉकेटशास्त्राचा पाया घालणाऱ्या ओबर्थने पोरवयात व्हर्न वाचला, गणित केलं, तोफेने माणूस जगत नाही हे पाहिलं आणि रॉकेटकडे वळला. रशियन रॉकेटवाला त्सिओल्कोव्हस्कीही व्हर्न वाचूनच या वाटेला लागलेला. कॅव्होराइटमध्ये चूक काढून दाखवा बघू!

निवृत्त मास्तर
काढतो की. उभ्या चाकाच्या फक्त एका बाजूखाली कॅव्होराइटचा पत्रा ठेवा. ती बाजू हलकी, दुसरी जड, म्हणजे चाक फुकटात कायम फिरत राहणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम गेला बाराच्या भावात. नववीतल्या पोरांना हे गणित घालायचो. निम्मी पोरं चाकाचं पेटंट घ्यायला निघायची.

शेवंता
मास्तर, छान. पण वेल्सने थाप मारून हात झटकलेले नाहीत. कॅव्होराइटचा पहिला पत्रा तयार होतो तेव्हा त्याच्यावरच्या हवेचं वजन जातं, ती वर उसळते, बाजूची हवा आत घुसून तीही उसळते आणि शास्त्रज्ञाच्या घराची दाणादाण उडते. एक खोटं बोलला, पण ते पुढे इमानदारीने निभावलं. मला लेखकाकडून एवढंच हवं असतं. आणि त्याला जायचं होतं चंद्राच्या पोटातल्या मुंग्यांसारख्या समाजाकडे, जिथे ज्याला जे काम तसंच त्याचं शरीर घडवतात. ते वाचताना अंगावर काटा येतो. तुम्ही मात्र जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलाय.

आळशी वाचक
शेवंताताईंना +१. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरने धावतंय. त्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमापर्यंत, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्यापर्यंत, जायला सुमारे ७५,००० वर्षं. हिशोबी कथा तिथेच संपली, नायकाने डबा खाऊन झोपावं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनने १९८५च्या कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नला विचारलं, की नायिकेला लांब पाठवायचंय, मार्ग सुचव. थॉर्नने कृष्णविवर खोडून वर्महोल, म्हणजे अवकाशातला जवळच्या वाटेचा बोगदा, सुचवलं, आणि पुढे १९८८मध्ये मॉरिससोबत त्यावर चक्क शोधनिबंध लिहिला. आधी कथा अडली, मग गणित झालं.

खगोलखुळा
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! सेगनने मनाचं रचलं नाही, जाणकाराला विचारलं.

शेवंता
आणि ते वर्महोल उघडं ठेवायला काय लागतं, तेही सांगा ना.

खगोलखुळा
ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जेचं द्रव्य. लागतं खरं.

शेवंता
कुठाय ते, दाखवा म्हणावं :)

निवृत्त मास्तर
हाहा. भाच्याला गोष्ट आवडली का पण?

खगोलखुळा
दुसऱ्या भागापर्यंत पोचलोय. त्यात उड्डाणाच्या धक्क्याने कुत्रा मरतो, त्याला बाहेर टाकतात आणि तो यानाच्या शेजारून तसाच जात राहतो. हे व्हर्नने अचूक लिहिलंय, म्हणून मी रंगात येऊन जडत्व समजावत होतो. पठ्ठ्याने मध्येच विचारलं, "कुत्रा मेला, मग माणसं कशी वाचली?"

आळशी वाचक
त्याला इथलं खातं उघडून द्या.