ईशेलमध्ये दूरच्या सर्व्हरवरील फाइलींची यादी फार सावकाश येते

सातपूरकर: नमस्कार. नाशिकहून मी ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ईशेल (आज्ञा लिहून चालवण्याची सोय) वापरून ट्रॅम्पद्वारे (दूरच्या फाइली ईमॅक्समधूनच हाताळण्याची सोय) परदेशातील एका सर्व्हरवर काम करतो. नेट फायबरचे असूनही मोठ्या डिरेक्टरीत फाइलींची सविस्तर यादी देणारी ‘एलएस -एल’ ही आज्ञा दिल्यावर यादी येईपर्यंत बराच वेळ ताटकळावे लागते. त्याच सर्व्हरवर साध्या टर्मिनलमधून एसएसएचने (दूरच्या संगणकाशी थेट सुरक्षित जोडणीने) गेल्यास मात्र ती क्षणात दिसते. हा फरक कशामुळे पडतो?

गोदाकाठ: ईशेलमधील ‘एलएस’ ही सर्व्हरवरची आज्ञा नसून ईमॅक्सच्या लिस्प या भाषेत लिहिलेले फंक्शन आहे. ते फाइलींची माहिती ट्रॅम्पकडून मागवते, मांडणी व रंग स्वतः करते आणि सिम्बॉलिक लिंक आढळली की ती ज्या फाइलकडे नेते तिचीही वेगळी चौकशी करते. यादीतल्या एकेका जिन्नसासाठी पंचवटीहून मेनरोडला स्वतंत्र खेप घालावी, तसे हे आहे. एका खेपेला 0.2 सेकंद धरले, तर 100 लिंकसाठी 20 सेकंद होतात आणि त्यात फायबरचा वेग काहीच करू शकत नाही.

आज्ञेआधी तारांकन लावून ‘*एलएस -एल’ द्या, म्हणजे सर्व्हरवरचाच ‘एलएस’ चालेल आणि तयार यादी एकदम येईल. हे कायमचे हवे असल्यास ईशेलमध्येच ‘एलियस एलएस '*एलएस $*'’ असे लिहावे. ईशेलचे रंग जातील, पण माझ्या मते हा सौदा स्वस्तातला आहे.

जुना वापरकर्ता: ईमॅक्समधील ‘रिमोट-फाइल-नेम-इनहिबिट-कॅश’ या सेटिंगची मूळ किंमत 10 सेकंद असते, त्यानंतर ट्रॅम्प साठवलेली माहिती शिळी मानतो. ती ‘निल’ (म्हणजे मुदतच नाही) केल्यास फेऱ्या वाचतात. परंतु त्या फाइली ईमॅक्सबाहेरून कोणी बदलत असेल, तर जुनीच माहिती दिसत राहील, म्हणून सामायिक सर्व्हरवर हा उपाय मी सुचवणार नाही. नेमका वेळ कुठे जातो ते पाहायचे असल्यास ‘ट्रॅम्प-व्हर्बोस’ (ट्रॅम्पच्या नोंदी किती तपशीलवार असाव्यात हे ठरवणारे सेटिंग) 6 वर न्यावे. सर्व्हरला गेलेली प्रत्येक आज्ञा वेळेसह एका वेगळ्या बफरमध्ये (ईमॅक्समधील मजकुराच्या पानात) नोंदली जाते.

सातपूरकर: तारांकनाने यादी तत्काळ आली, आभारी आहे. मात्र प्रत्येक आज्ञेनंतर प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा लिहिण्याची खूण) अजूनही रेंगाळतो.

गोदाकाठ: आपल्या प्रॉम्प्टमध्ये गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीतील चालू शाखेचे नाव येते का? तसे असल्यास ते दर वेळी सर्व्हरला विचारले जात असणार. प्रॉम्प्टच्या फंक्शनमध्ये ‘फाइल-रिमोट-पी’ने डिरेक्टरी तपासून ती दूरची असेल तेव्हा शाखा विचारणे टाळावे.