अन्ननलिका साफ, रक्त लहान आतड्यातून. ग्लू की टिप्स (TIPS)?

सोलापूरकर८८:
वडील ६१, सिरोसिसला (यकृत कडक होण्याचा आजार) चार वर्षं झाली (दारूचा थेंब नाही, शुगर आणि फॅटी लिव्हर). मागे अन्ननलिकेतल्या नसांना दोनदा बँड (रबरी रिंग) मारलेत. परवा डांबरासारखी संडास सुरू झाली, हिमोग्लोबिन ५.८, ॲडमिट केलं, दुर्बिणीत काहीच सापडेना आणि शेवटी सीटीत कळलं की ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) खालच्या भागात नस फुगलीये. एक डॉक्टर म्हणतात ग्लू (नसेत गोंद टोचायचा), दुसरे म्हणतात टिप्स (यकृतातून स्टेंट). बँडच का नाही मारत? आणि हिमोग्लोबिन ७.४ वर आल्यावर रक्त देणं थांबवलंय, हे बरोबर आहे का?

रात्रपाळी_गॅस्ट्रो:
रेसिडेंट आहे, रिपोर्ट न बघता सांगतोय हे धरून चाला. रक्ताचं बरोबरच आहे, ७-८ पुरतं, जास्त चढवलं की पोर्टलचं (आतड्याकडून यकृतात जाणाऱ्या शिरेचं) प्रेशर वाढतं आणि नस परत फुटते. आतड्याची भिंत पातळ, नस जाडजूड, बँडमध्ये ती अर्धीच येते आणि बँड गळला की तिथेच जखम उघडी. म्हणून ग्लू, रक्त लागताच तो घट्ट होतो. पण प्रेशर तसंच राहतं ना. टिप्समध्ये यकृतातून स्टेंट टाकून प्रेशर उतरवतात. मात्र अशा आडजागी प्रेशर १२ च्या खाली येऊनही रक्त येऊ शकतं, तेव्हा त्याच वेळी कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) टाकून नस बंद करणार का, एवढं नक्की विचारा. ठाम प्रोटोकॉल नाही, व्हेरिसेसच्या (अशा फुगलेल्या नसांच्या) ब्लीडिंगमध्ये अन्ननलिका-जठराबाहेरच्या केसेस १ ते ५ टक्केच.

खानदेशी_ताई:
दादा, आईचं टिप्स झालंय, रक्त थांबलं ते थांबलंच. पण चौथ्या दिवशी ती रिमोट कानाला लावून मामाशी बोलत बसली!! रक्तातला अमोनिया वाढून डोक्यात गेला होता. लॅक्टुलोज (संडास साफ करणारं औषध) सुरू केलं, दिवसाला दोन-तीनदा संडास झालीच पाहिजे, आम्ही कॅलेंडरवर टिक करतो. वडील आधी कधी बरळलेत का ते डॉक्टरांना सांगाच.

रात्रपाळी_गॅस्ट्रो:
+१. बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) आणि टूडी इको पण बघतात, हार्ट कमजोर असेल तर टिप्स नाही. मग बीआरटीओ जमतं का बघतात, मांडीतून किंवा मानेतून जाऊन नसच बुजवायची, त्यात बरळणं कमी पण पोटात पाणी वाढू शकतं.

सोलापूरकर८८:
बिलिरुबिन १.९, बरळले कधीच नाहीत. इको उद्या सकाळी, ११ ला रेडिओलॉजीवाले भेटणारेत. कॉइलचं हातावर लिहून ठेवलंय.