इंग्लंडमधली समुद्रकाठची शांत गावं : तुमचे अनुभव लिहा

लंडन, बाथ, स्टोनहेंजवर भरपूर लिहून झालंय. समुद्रकाठच्या लहान गावांत कुणी राहिलं असेल तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

यॉर्कशरमधलं रॉबिन हूड्स बे. गाडी वरच लावायची आणि तीव्र उतारावरून पायी खाली जायचं. लाल कौलांची घरं एकमेकांना खेटून, मध्ये माणूसभर रुंदीचे बोळ. अठराव्या शतकात इथे चहा आणि जिनची तस्करी जोरात चाले. एक दिवसाचे पर्यटक संध्याकाळी परततात, म्हणून मुक्काम कराच. ओहोटीला खडकांचे लांबच लांब वक्र पट्टे उघडे पडतात. लेकीला तिथे नाण्याएवढा अमोनाइट (गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या शंखाच्या प्राचीन समुद्री जीवाचा जीवाश्म) मिळाला. ओला केल्यावर त्यावरची वळणं लख्ख दिसली. भरतीची वेळ बघूनच उतरा आणि कड्याखाली थांबू नका, दरडी कोसळतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून सुमारे १९० मैल चालत आलेले लोक इथे बूट समुद्रात बुडवून वाट पूर्ण करतात. एक आजोबा पाण्यात उतरले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

—

छान धागा! आम्ही सासूबाईंना घेऊन नॉर्थम्बरलँडमधल्या क्रॅस्टरला गेलो होतो. त्या मालवणच्या. तिथे हेरिंग मासा उभा चिरून, मिठाच्या पाण्यात ठेवून ओकच्या धुरावर टांगतात. त्याला किपर म्हणतात. सासूबाईंनी काटे बाजूला सारत अख्खा मासा संपवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावांगडा पेज होयी होती." पुढे डनस्टनबरोच्या पडक्या किल्ल्यापर्यंत किनाऱ्याने दीडेक मैल सपाट वाट आहे, त्याही आरामात चालल्या.

—

कॉर्नवॉलमधलं माउझल. नाताळात बंदरभर दिवे असतात, पण १९ डिसेंबरला तासभर बहुतेक दिवे मालवतात. १९८१ साली त्या रात्री वादळात अडकलेल्यांना वाचवायला गेलेल्या नौकेवरचे आठही गावकरी बुडाले. जाणार असाल तर हे माहीत असू द्या.

—

सफोकमधलं डनिच बघा. मध्ययुगातलं मोठं बंदर, १२८६च्या वादळापासून समुद्राने खात आणलं. मूठभर घरं उरली तरी १८३२पर्यंत तिथून दोन खासदार निवडून जात! मला सगळ्यात जास्त हेच गाव आवडलं.

—

गाडी नसेल तर यातलं कुठलं सोपं?

—

रॉबिन हूड्स बे. व्हिटबी आणि स्कारबरो, दोन्हीकडून बस आहे. परतीची शेवटची बस मात्र आधी बघून ठेवा.