दहा दिवसांचं प्रशिक्षण, आणि अकराव्या दिवशी कोण?

पारंबी (धागाकर्ती)

गेली बरीच वर्षं मी आरोग्यसेवकांना समुपदेशनाची प्राथमिक कौशल्यं शिकवते. मनोविकारांवर काम करणारी माणसं कमी, म्हणून आणखी प्रशिक्षणं घ्या, हा प्रत्येक बैठकीचा ठरलेला सूर. माझं मत उलट आहे, पटलं नाही तर भांडा: नवी प्रशिक्षणं दोन वर्षं बंद ठेवा आणि तो पैसा सुपरव्हिजनवर घाला. शिकवलेल्या माणसाचं काम दर आठवड्याला कुणी ऐकणार नसेल, तर त्याला शिकवूच नका.

माणसं कमी आहेत, याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मानसिक आरोग्य अ‍ॅटलासमध्ये डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक सगळे धरून जगाचा मध्यक लाखामागे १३ आहे. श्रीमंत देशांत ६० च्या वर, गरीब देशांत २ च्याही खाली. त्यावरचा तोडगा म्हणजे पदवी नसलेल्या पण माणसांत वावरणाऱ्या लोकांना एखादी ठरावीक पद्धत शिकवून सौम्य-मध्यम आजारांचं काम त्यांच्याकडे द्यायचं. तोडगा चांगला आहे. तो वापरायची आपली रीत वाईट आहे.

एक उदाहरण देते. प्रशिक्षणाच्या लेखी परीक्षेत एका सेविकेला पैकीच्या पैकी गुण होते. ‘आत्महत्येबद्दल थेट विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही’ हे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. दोन महिन्यांनी मी तिचा रोल-प्ले घेतला. ती जागा आली तशी ती म्हणाली, “तसलं काही मनात येत नाही ना?” रुग्ण झालेली तिची मैत्रीण म्हणाली, “नाही.” नंतर मी मैत्रिणीला विचारलं, कागदावर तर तुझ्या पात्राला विचार येतात असं लिहिलंय, मग नाही का म्हणालीस? ती म्हणाली, “तिने ‘ना’ म्हटल्यावर हो कसं म्हणणार?”

एका ‘ना’ने दार लागलं. मग आम्ही दोघींनी “जीव द्यावासा वाटतो का?” हे मोठ्याने म्हणायचा सराव केला. तीन वेळा ‘जीव’पाशी तिचा आवाज बसला. चौथ्यांदा प्रश्न सरळ आला. वीसेक मिनिटं लागली असतील. पण हे काम त्या दहा दिवसांत होण्यासारखंच नव्हतं, कारण तोवर ती कुणाच्या समोर बसलीच नव्हती.

ओपीडीनंतर

मानसोपचारतज्ज्ञ आहे. पूर्ण असहमत.

सुपरव्हायझरला तेवढंच ऐकू येतं जेवढं सेवकाला दिसलं. माझ्याकडे आलेला एक रुग्ण (तपशील बदलले आहेत): उदासी, झोप नाही, कामात लक्ष नाही. तीन महिने समुपदेशन झालं होतं, तेही मन लावून. दोन वर्षांपूर्वी तो आठवडाभर रात्री दोन-दोन तास झोपून ताजातवाना फिरत होता, उधारीवर वस्तू घेत होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे बायपोलर, उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार. इथे नुसतं नैराश्य समजून एकटी नैराश्याची गोळी सुरू केली, तर उन्माद उफाळू शकतो. थायरॉइड, दारू, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, सगळी उदासीचाच वेश घेऊन येतात. सुपरव्हायझरने रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं तरी जे विचारलंच गेलं नाही ते त्यात कुठून येणार?

पाया लांबच घालावा लागतो. शेकडो रुग्ण नजरेखालून गेल्याशिवाय ‘हे काहीतरी वेगळं दिसतंय’ हा खटका पडत नाही.

पारंबी

डॉक्टर, जे विचारलं नाही तेच तर सगळ्यात आधी कानाला खटकतं! “झोपेची गरजच वाटली नाही असे दिवस कधी होते का, हे का नाही विचारलंस?” हा सुपरव्हिजनमधला रोजचा प्रश्न आहे. सेवकाने निदान करायचंच नाहीये. इथे माझं काम नाही, पुढे पाठव, एवढं कळलं की झालं.

टाचण

दोघांच्याही बाजूने आणि दोघांच्याही विरुद्ध थोडे पुरावे टाकतो.

प्रशिक्षणाची लांबी आणि रुग्णाचा फायदा यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. १९७९ मध्ये डर्लाकने ४२ अभ्यास एकत्र पाहिले होते. बहुतेकांत निम-व्यावसायिकांचे निकाल व्यावसायिकांच्या बरोबरीचे किंवा सरस निघाले. त्यातल्या अभ्यासांच्या दर्जावर नंतर बरीच टीका झाली, तीही रास्त होती. २०१६ मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांचे सहा हजारांवर रुग्ण यांचा माग काढला, तर अनुभवाबरोबर निकाल सुधारण्याऐवजी किंचित घसरलेच. म्हणजे डॉक्टर, शेकडो रुग्ण नजरेखालून जाणं वेगळं आणि त्यातून शिकणं वेगळं. आपला नेम लागला की चुकला हे कुणी सांगितलंच नाही, तर हात कसा बसणार?

आता पारंबीताईंसाठी. पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर्सना शिकवून बाळंतपणाच्या आगेमागे येणाऱ्या नैराश्यावर काम झालं. २००८ च्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्य उरलेल्या माता २३ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. झिम्बाब्वेतल्या ‘फ्रेंडशिप बेंच’वर आज्या बाकावर बसून ऐकतात. ‘डिप्रेशन’ न म्हणता शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, हा शब्द वापरतात. २०१६ च्या चाचणीत त्याचाही फायदा दिसला. पण गोव्यातली ‘मानस’ चाचणी (२०१०) बघा. दोन्हीकडे पद्धत तीच, समुपदेशक तसेच, तरी सरकारी आरोग्य केंद्रांत फरक पडला आणि खासगी दवाखान्यांत पडला नाही. मग ही नुसती सुपरव्हिजनची करामत म्हणता येत नाही. माणूस कुठे बसतो, त्या जागेत आधीपासून काय मिळतं, हेही मोजावं लागतं.

ओपीडीनंतर

चाचण्यांत गंभीर रुग्ण बाजूला काढलेले असतात आणि कुणी ना कुणी डोळ्यात तेल घालून बसलेलं असतं. चाचणी संपते, निधी संपतो, तेल संपतं. सेवक मात्र तिथेच असतो. तेव्हा त्याच्या कामी येतं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलंच.

मधला बाक

धाग्याला गळती लागायच्या आत माझाही मुद्दा. इंग्लंडने २००८ पासून हे मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या या योजनेला तेव्हा आयएपीटी म्हणत, २०२३ पासून ‘टॉकिंग थेरपीज’ म्हणतात. सौम्य आजारांसाठी वर्षभराच्या प्रशिक्षणाचे कर्मचारी ठेवले आणि केसेसचं साप्ताहिक सुपरव्हिजन पद्धतीतच बांधून टाकलं. म्हणजे ताई म्हणतात ते सगळं. तरी माणसं टिकवणं ही तिथली कायमची डोकेदुखी, कारण पहिली पायरी चढलेल्याला वरची दिसते आणि तो तिकडे जातो. त्यात गैर काय?

म्हणून दोन वर्षं प्रशिक्षण बंद म्हणजे मला आत्मघात वाटतो. तोवर अर्धे सेवक निघून जातील आणि तुमच्याकडे ऐकायला सुपरव्हायझर असतील, बोलायला कुणी नसेल.

पारंबी

हा मात्र वर्मी घाव. ‘बंद’ म्हणताना मी गळतीचा हिशोब धरला नव्हता. मग असं म्हणते: जितक्यांचं ऐकू शकाल तितकेच घ्या. एका सुपरव्हायझरकडे आठजण, प्रत्येकाला आठवड्याला एक तास दिला तरी एक आख्खा दिवस गेला, रेकॉर्डिंग ऐकायचा वेळ वेगळाच. त्याच गोव्यात पुढे समुपदेशकांनीच एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचा प्रयोग झाला, आणि ते गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत गेले. त्या वाटेने आठाचे कदाचित बारा होतील. चाळीस नाही होणार. आणि आपल्या बॅचेस चाळिसाच्या असतात.

सदाफुली

हा धागा कालपासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे ‘सेवक’, ‘सेवक’ करताय त्यातली मी एक. दीड वर्ष केलं, मग सोडलं. मानधन होतं, पगार नव्हता. सुपरव्हिजनही होतं बरं का, दर सोमवारी. सत्रं किती, नवे किती, गळाले किती. तासाभरात दहाजणींचे आकडे. त्याला तुम्ही सुपरव्हिजन म्हणत असाल, तर ते वाढवा म्हणण्याआधी जरा थांबा.

माझ्याकडे येणाऱ्या एका माणसाने आत्महत्या केली. चार सत्रं झाली होती. मी विचारलं होतं, थेट विचारलं होतं, शिकवल्याप्रमाणे. तो नाही म्हणाला होता. त्या सोमवारी तक्त्यात ‘केस बंद होण्याचे कारण’ भरायचं होतं. पर्याय तीन: बरे झाले, गैरहजर, स्थलांतर. मी हात वर करून विचारलं, काय लिहू? बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही पुढे पाठवायचा होता तो तक्ता. म्हणाल्या, सध्या ‘स्थलांतर’ लिही.

लिहिलं. पुढच्या आठवड्यात मला तीन नवीन केसेस दिल्या.

मला बायपोलरही माहीत होतं आणि ‘ना’ न लावता विचारायलाही येत होतं. मला त्या सोमवारी कुणीतरी बस म्हणायला हवं होतं.

मधला बाक

सदाफुली, लिहिलंत हे फार बरं केलंत.

ओपीडीनंतर

सदाफुली, अशा घटनेनंतर आम्हा डॉक्टरांकडे निदान आपसात बोलायची सोय असते. सगळीकडे नसते, पण असते. तुम्हाला ती नव्हती हे चूक झालं. ‘थेट विचारलं तरी माणूस नाही म्हणू शकतो’ हे वाक्य प्रशिक्षणातच सांगितलं जायला हवं. ते सहसा वगळलं जातं, कारण त्याने शिकवणाऱ्याचा हुरूप जातो.

बाकी, पारंबीताईंच्या ‘ना’ने आज दिवसभर पिच्छा पुरवला. “झोप लागते ना?” “गोळ्या वेळेवर घेता ना?” दुपारपर्यंत मोजले, अकरा झाले, मग सोडून दिलं. माझं मत तरीही बदललेलं नाही. माझी मुलाखत गेल्या पंधरा वर्षांत कुणीही ऐकलेली नाही, आणि अकरा ‘ना’ असूनही माझं निभावतं ते पायाच्याच जोरावर.

टाचण

निभावतं, हे कुणी मोजलं, डॉक्टर?

ओपीडीनंतर

:-) रुग्णसंख्येने. (हो, कळलं.)

पारंबी

सदाफुली, तुमच्या प्रतिसादानंतर आमचा तक्ता उघडून पाहिला. तो मीच तयार केलाय, सहा वर्षांपूर्वी. केस बंद होण्याची पाच कारणं दिली आहेत. ते नाही.