दम्याचा पंप मुलाच्या दप्तरात की शाळेच्या ऑफिसात?

द्राक्षनगरी
मुलगा सहावीत, बालदमा आहे. थंडी पडली की सकाळच्या पीटीला हमखास घरघर सुरू. शाळा गंगापूर रोडकडची, म्हणतात औषध मुलाकडे नको, ऑफिसात जमा करा. आता वर्ग तिसऱ्या मजल्यावर, ऑफिस खाली, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे त्या मॅडम रजेवर असल्या की संपलं. पंप त्याला स्वतःला नीट घेता येतो. परवानगी कशी काढू? भांडण नकोय, दहावीपर्यंत तिथेच काढायचंय.

सिडकोची आई
तोंडी बोलूच नका. डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या, कुठला पंप, किती पफ, मुलगा स्वतः घेऊ शकतो, आणि धाप कमी नाही झाली तर १०८ ला फोन. त्याला तुमचा सहीचा अर्ज जोडा. पंप दोन घ्या, एक दप्तरात एक ऑफिसात, शाळापण खूश. आणि फक्त रिलिव्हर हं, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, साल्ब्युटामॉलचा, रोजचा स्टेरॉइडवाला घरीच राहू दे. इंग्लंडमध्ये तर ऑक्टोबर २०१४ पासून शाळा स्वतःच इमर्जन्सीला पंप विकत घेऊन ठेवू शकतात, आपल्याकडे मुलाचा स्वतःचा ठेवायला एवढं नाटक!

सातपूरकर
शाळेची बाजू पण बघा, साठ पोरं वर्गात, कोणी खेळायला घेतला तर?

सिडकोची आई
एखादा पफ गेला तर थोडी धडधड, हात थरथरतील, बस. ऐन अटॅकला पंप कुलपात असला तर ते जास्त वाईट. खरी अडचण वेगळीच आहे, या वयात पोरं लाजतात, चारचौघात पंप काढत नाहीत आणि दम लागेपर्यंत गप्प बसतात. त्याच्याशी ते बोला.

पंचवटी_९९
आमच्या मुलीला शेंगदाण्याची सिव्हिअर ॲलर्जी, आणि एकादशीला अख्ख्या वर्गाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून! तिला डबा शेअर करायचा नाही हे पाठ आहे, पण तिथे सगळं तिच्यावर सोडून चालत नाही, रिॲक्शन आली की मूल स्वतः काही करण्याच्या अवस्थेत नसतं. सिट्रिझिनच्या गोळीने खाज कमी होते, श्वास अडकला तर ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीत. म्हणून वर्गशिक्षिका आणि पीटीच्या सरांना डॉक्टरांसमोरच शिकवलं.

द्राक्षनगरी
थँक्स सगळ्यांना, सोमवारी अर्ज देतो. पंपात किती उरलंय ते कसं कळतं, पाण्यात टाकून बघतात ना?

सिडकोची आई
नको नको, ते चुकीचं आहे! काउंटरवाला घ्या, किती पफ उरले तो आकडा पंपावरच दिसतो.